देणगीआधी ऑर्डर द्या

वेल्डिंग शिकणाऱ्या पोराला सरावासाठी भंगारातली पट्टी दिली, की तो सांधा कसातरी उरकतो. तीच पट्टी गावच्या शाळेच्या फाटकाला लागणार म्हटल्यावर तो गुण्या लावून कोपरा तपासतो, आधी नुसते टाके मारतो, चौकट वाकडी नाही ना ते बघतो आणि मगच सांधा भरतो. वरची खपली हातोडीनं उडवली आणि खाली सांधा सलग दिसला, की शेजारच्याला हाक मारून दाखवतो.

डॉ. श्रीनाथ कलबागांनी शिक्षणच अशा खऱ्या कामावर उभं केलं. हिंदुस्तान लिव्हरमधलं संशोधन सोडून ते शिरूर तालुक्यातल्या पाबळला आले आणि 1983 मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे पाऊस बेभरवशाचा, शाळा अर्ध्यावर सुटलेली मुलं. वर्षभराच्या अभ्यासक्रमात लोखंडकाम, बांधकाम, वीज, शेती, पशुपालन असं सगळंच, कारण खेड्यात नुसत्या वेल्डिंगवर बारा महिने पोट भरत नाही. शिकताना केलेलं काम गावाच्या उपयोगी पडावं आणि त्याचे पैसे घ्यावेत, हा कलबागांचा आग्रह होता. तो मला फार मोलाचा वाटतो. पैसे मोजणारं गिऱ्हाईक चूक पोटात घालत नाही, आणि पहिल्या कमाईनंतर घरातली माणसंही पोराकडे वेगळ्या नजरेनं बघू लागतात.

आपण मात्र मदत म्हणून नुसती यंत्रं देतो. शिलाई मशीनचं वाटप होतं, फोटो निघतात; कापड कोण देणार आणि शिवलेलं कोण घेणार, हे कुणी विचारत नाही. कला शिकणाऱ्या मुलांचे हाल तर आणखी वाईट. वस्तीतली पोरं महिनाभर तालीम करून पथनाट्य बसवतात आणि बोलावणारे म्हणतात, मानधन कसलं, तुम्हाला व्यासपीठ मिळतंय ना! तालमीसाठी बुडवलेला रोज त्यांना कोण भरून देणार? याचा मला मनापासून राग येतो.

सोसायटीच्या खिडक्यांना जाळ्या बसवायच्या असतील, शाळेचे गणवेश शिवायचे असतील, मंडळाच्या देखाव्याचे पडदे रंगवायचे असतील, तर जवळच्या प्रशिक्षण केंद्राकडून दर मागवा. घासाघीस करा, काम नीट तपासून घ्या. फक्त एक करा, निम्मे पैसे आगाऊ द्या. दुकानदार या पोरांना लोखंड उधारीवर देत नाही.