पांबनचा जुना पूल : खालून जाणाऱ्यांनाही विचारा

रामेश्वरला जाऊन आलेल्यांनी पांबनचा जुना रेल्वे पूल पाहिलाच असेल. 1914 साली सुरू झालेला, दोन किलोमीटरहून थोडा जास्त लांब. मधला भाग माणसं हाताने चाक फिरवून उचलायची, मग रांगेत थांबलेल्या बोटी पार व्हायच्या. खाऱ्या हवेने तोच भाग गंजला आणि डिसेंबर 2022 पासून गाड्या बंद झाल्या. शेजारचा नवा पूल एप्रिल 2025 ला सुरू झाला. जुन्याचं काय करायचं? कोणी म्हणतं भंगारात काढा, कोणी म्हणतं जपा, लोकांना चालायला वाट करा.

आम्हाला वाट झालेली आवडेल. या पुलावर मच्छीमारांचाही हक्क आहे. डिसेंबर 1964 च्या वादळात अख्खी पॅसेंजर गाडी समुद्राने नेली, बहुतेक गर्डर वाहून गेले. ते पाण्यातून शोधायला तिथल्या मच्छीमारांनी मदत केली आणि 46 दिवसांत पूल पुन्हा उभा राहिला. कामावर होते ई. श्रीधरन, पुढे आपली कोकण रेल्वे बांधणारे.

अशी वाट होऊ शकते. अमेरिकेत हडसन नदीवर पकीप्सी इथे 1889 चा रेल्वे पूल आहे, लांबी जवळजवळ पांबनएवढीच. 1974 मध्ये आग लागून गाड्या थांबल्या, 35 वर्षं तो नुसता उभा होता. लोकांनी संस्था काढून पाठपुरावा केला आणि 2009 पासून तिथे माणसं चालतात, सायकली फिरतात. पण तो पाण्यापासून दोनशे फूट उंच, खालच्या बोटीला त्याचा त्रासच नाही. पांबन पाण्याला टेकलेला. वर फिरणाऱ्यांसाठी मधला भाग कायमचा जोडून टाकला, तर मोठ्या बोटींचा रस्ता बंद! म्हणून मधली फट मोकळीच ठेवा. दोन्ही काठांवरून तिथपर्यंत चालत जा, समुद्र बघा, परत या. काय बिघडलं?

आणि काढायचाच असेल तर तळापर्यंत काढा. वरचं लोखंड विकून खांबांची थोटकं पाण्याखाली ठेवली, तर जाळं कोणाचं फाटणार, बोट कोणाची आपटणार, हे तांडेलाला सांगायला नको.

सगळ्यात वाईट म्हणजे ना धड वापर, ना धड पाडकाम. आपल्या गोव्यात कुडचड्याचा पोर्तुगीज काळातला पूल वापराला बंद होता, पण उभा होता. मे 2017 मध्ये नदीतला शोध बघायला लोक त्यावर चढले आणि पूल खाली आला. माणसं गेली.

खर्चाचंही बोला. खाऱ्या वाऱ्यात लोखंडाला रंग एकदा काढून भागत नाही, बोटवाल्यांना हे दरवर्षी कळतं. वाट करायची तर देखभालीचे पैसे कोण देणार, रात्री खांबांवर दिवे कोण लावणार, हे टेंडर निघायच्या आधी कागदावर यावं, आणि त्या बैठकीत पांबनच्या बोटवाल्यांना खुर्ची मिळावी.