पावसाळ्यातली सायकल : अंग आजोबांचे, ब्रेक नातवाचे

मे महिना संपत आला की कॅम्पातल्या घराघरांतून दोन खरेद्या निघतात. एक वह्या-पुस्तकांची आणि दुसरी रेनकोटाची. आठवीत जाणारे मूल घरात असेल तर तिसरीही निघते, ती सायकलची. नेमक्या याच दिवसांत, ३ जूनला, जागतिक सायकल दिन येतो. संयुक्त राष्ट्रसंघाने तो २०१८ साली ठरवला. त्यानंतर चार-पाच दिवसांत मृग नक्षत्र लागते. म्हणजे सायकलचा सण आणि सायकलची परीक्षा आपल्याकडे एकाच आठवड्यात येतात. म्हणून या अंकात सायकलविषयी चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटले.

निमित्तही तसेच घडले. गेल्या जुलैत आमच्या शाळेतला एक विद्यार्थी रेल्वे गेटातून येताना रुळावर घसरून पडला. मनगटाला प्लास्टर आले. सायकल नवी होती, गिअरची होती, जाड खोबणीच्या टायरांची होती. मुलगा बरा झाला, पण पुन्हा सायकलवर आला नाही. वडील त्याला स्कूटरवर सोडू लागले. त्याचे पाहून आणखी काही घरांनी तेच केले आणि ऑगस्टपर्यंत शाळेचा सायकल स्टँड निम्मा रिकामा झाला. फाटकाशी मात्र सकाळी स्कूटर आणि मोटारींची इतकी दाटी होऊ लागली, की पायी येणाऱ्या लहान मुलांनाच वाट उरेना. एका मुलाचे पडणे टाळण्यासाठी आपण शंभर मुलांची वाट अवघड केली. हे बरोबर झाले नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पावसात सायकल चालवूच नये, असे कुणी म्हणेल. मग बेळगावात सायकल चालवायची कधी? आपल्या शहरात वर्षाला साधारण १३०० मिलिमीटर म्हणजे पन्नास इंचांच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्यातला बराचसा शाळेच्या पहिल्या चार महिन्यांतच पडतो. समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर असल्याने आपला पावसाळा गारही असतो. जुलै-ऑगस्टमधली झड, धुके आणि बोटे आखडवणारा वारा पाहिला, की आपला खरा हिवाळा पावसाळ्यातच येतो असे वाटते. या चार महिन्यांसाठी सायकल टाकून दिली, तर वर्षभराची सवयच मोडते. म्हणून पावसात सायकल चालवावी की नाही, हा प्रश्न आम्ही बाजूला ठेवतो. पावसासाठी सायकल कोणती घ्यावी, हा खरा प्रश्न आहे.

दुकानात गेल्यावर मुलांची नजर दोन प्रकारांवर जाते. पहिली रेसर सायकल. वाकलेले हँडल, बोटाएवढे बारीक टायर, मडगार्ड नाही, कॅरिअर नाही. कोरड्या, गुळगुळीत रस्त्यावर ती वाऱ्यासारखी पळते यात शंका नाही. पण आपल्या रस्त्यांवर पावसाळ्यात खड्डा पाण्याखाली लपलेला असतो. बारीक टायरमध्ये हवा दगडासारखी घट्ट भरावी लागते आणि असे टायर खड्ड्याच्या कडेवर आपटले की ट्यूब चिमटून पंक्चर होते. दुसरी डोंगरी थाटाची सायकल. जाड टायर, पुढे स्प्रिंग, एकवीस गिअर. ती दिसायला भक्कम, पण दिसते तसे नसते म्हणून जग फसते. टायरवरच्या मोठमोठ्या खोबणी चिखलासाठी असतात. ओल्या डांबरावर त्यांचा उपयोग होत नाही, उलट रबराचा रस्त्याला टेकणारा भाग कमी होतो. मोटारीच्या टायरला पाणी कापायला खोबणी लागतात, कारण ती वेगाने धावते. सायकल त्या वेगाला कधीच जात नाही. ओल्या डांबरावर मध्यम रुंदीचा, बारीक नक्षीचा, मऊ रबराचा टायर जास्त चांगला धरतो. हवाही नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवावी. शिवाय या सायकलींना मडगार्ड बहुधा नसते, असले तर वीतभर प्लॅस्टिकचे. मग शाळेत पोचेपर्यंत तांबड्या मातीची एक रेघ पाठीवरून थेट मानेपर्यंत उमटते आणि दप्तर, गणवेश, वह्या सगळ्यांचा रंग एक होतो.

आता आजोबांची काळी सायकल आठवा. पूर्ण मडगार्ड, साखळीवर बंद कव्हर, मागे कॅरिअर, सरळ बसून चालवायचे हँडल, दीड इंची टायर. ही सायकल जुनाट म्हणून आपण हसतो. पण नेदरलँड्स हा देश पाहा. तिथे माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत आणि वर्षातला असा एकही महिना नाही की पाऊस येत नाही. तिथली मुले, मास्तर, अधिकारी ज्या सायकलवर रोज जातात, ती आपल्या आजोबांच्या सायकलची सख्खी बहीण शोभेल. दोघींचे मूळही एकच, जुनी इंग्रजी सायकल. पावसाच्या देशाने शंभर वर्षे वापरून जी वस्तू टाकली नाही, तिच्यात काही गुण असणारच.

मात्र आजोबांच्या सायकलीत एक मोठा दोष आहे आणि तो लपवून चालणार नाही. तो म्हणजे ब्रेक. तिची रिम लोखंडी, वर चकचकीत क्रोमचा मुलामा, आणि सळीच्या ब्रेकचे रबर आतून तिला टेकते. कोरड्यात हे चालते. ओल्या क्रोमवर रबर साबणासारखे सरकते. मूल ब्रेक दाबते आणि सायकल पुढेच जात राहते. ताशी १५ किलोमीटर वेगाची सायकल एका सेकंदात चार मीटरहून जास्त अंतर कापते. ब्रेक लागायला दोनच सेकंद उशीर झाला, तर आठ मीटर म्हणजे एका वर्गखोलीची लांबी गेली. समोरून बस येत असेल तर तेवढी जागा कुठून आणायची?

म्हणून आमचा सल्ला एका ओळीत सांगायचा तर असा : अंग आजोबांच्या सायकलचे घ्या, ब्रेक नातवाच्या सायकलचे. रिम ॲल्युमिनियमची असावी, कारण ओली झाली तरी तिच्यावर रबर लोखंडापेक्षा कितीतरी बरे धरते. डिस्क ब्रेक मिळाला तर उत्तम. त्याची चकती चाकाच्या मध्यावर असते, रस्त्यावरच्या पाण्या-चिखलापासून दूर. पण स्वस्त सायकलची चकती लवकर वाकते, घासते आणि मग मुलेच ब्रेक सैल करून ठेवतात. असा डिस्क ब्रेक असण्यापेक्षा ॲल्युमिनियमच्या रिमवरचा साधा, नीट बसवलेला ब्रेक केव्हाही चांगला. घरात जुनी काळी सायकल असेल तर ती मोडीत काढू नका. ओळखीच्या मेकॅनिककडे न्या, ॲल्युमिनियमच्या रिमा आणि वायरचे ब्रेक तिला बसतात का ते विचारा. बसले तर घरचीच वस्तू नव्याने उभी राहील.

पालकहो, आणखी एक गोष्ट. आपण गणवेश वाढत्या अंगाचा शिवतो, तशी सायकलही एक माप मोठी घेतो. हे करू नका. सीटवरून उतरून मधल्या दांड्यावर उभे राहिल्यावर दोन्ही पाय सपाट टेकले पाहिजेत. ओल्या रस्त्यावर तोल गेला तर मुलाचा पाय हाच शेवटचा ब्रेक असतो. तो जमिनीपर्यंत पोचलाच नाही तर बाकी सगळे व्यर्थ. गिअरचेही तसेच. कॅम्प, टिळकवाडी, हिंडलगा, गणेशपूर एवढ्या टापूत शाळेला यायला एकवीस गिअर लागत नाहीत. उघड्या गिअरमध्ये माती शिरते, गंज चढतो आणि पहिल्याच पावसाळ्यात त्यांतले निम्मे निकामी होतात. त्या पैशांत चांगली मडगार्डे, मागचा लाल दिवा आणि दोन तुकड्यांचा पिवळा रेनकोट येईल. पायघोळ रेनकोट चाकात अडकतो, म्हणून दोन तुकड्यांचा. पिवळा अशासाठी की खानापूर रोडवर धुक्यातून येणाऱ्या ट्रकवाल्याला तो लांबून दिसतो. डायनॅमोवर विसंबू नका. टायर ओला झाला की त्याचे चाक घसरते आणि दिवा नेमका गरजेच्या वेळी मंदावतो. बॅटरीचा दिवा बरा.

विद्यार्थी मित्रांनो, सायकल आईवडील घेतील, पण ती जपायची तुम्हांला आहे. घरी गेल्यावर दोन मिनिटे द्या. जुन्या फडक्याने साखळी पुसा, आठवड्यातून एकदा तिच्या कड्यांवर थेंब थेंब तेल सोडा आणि वरचे तेल पुन्हा पुसून घ्या. रिमला किंवा डिस्कला तेलाचा हात लावू नका, नाहीतर ब्रेक गेलाच म्हणून समजा. ब्रेकचे रबर झिजले की बदला, ते सिनेमाच्या तिकिटापेक्षा स्वस्त असते. चालवताना दोन्ही ब्रेक मिळून वापरा. थांबायच्या थोडे आधी ते हलकेच टेकवा, म्हणजे रिमवरचे पाणी पुसले जाईल आणि मग पुरते दाबा. वळणावर ब्रेक दाबू नका, वळणाआधी दाबा. रेल्वेचे रूळ तिरके ओलांडू नका, चाक रुळाला काटकोनात येऊ द्या. गर्दी असेल तर उतरून चालत जा, त्यात कमीपणा नाही. ओला पाला, शेण, गटारावरची लोखंडी झाकणे आणि रस्त्यावरचे पांढरे पट्टे यांपासून जपा. एका हातात छत्री आणि एका हातात हँडल हा खेळ तर आजपासून बंद. ऑगस्ट २०१९ मध्ये आपल्या जिल्ह्याने महापूर पाहिला आहे. तेव्हा जिथे रस्ता दिसत नाही, नुसते पाणीच दिसते, तिथे सायकल घालायची नाही. उशीर झाला म्हणून वर्गात कुणी रागावणार नाही.

इतके करण्यापेक्षा मुलाला स्कूटर दिलेली काय वाईट, असे काही पालक आम्हांला विचारतात. त्यांना नम्रपणे सांगावेसे वाटते की १६ वर्षांच्या आत कोणतेच मोटारवाहन चालवायला परवानगी नाही, आणि आजच्या बहुतेक स्कूटरसाठी १८ वर्षे पूर्ण लागतात. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याप्रमाणे अल्पवयीन मुलाच्या हातून गुन्हा घडला तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. पण कायदा राहू द्या. जो मुलगा ओल्या रस्त्यावर सायकल सावरायला शिकला नाही, तो दोन वर्षांनी स्कूटर कशी सावरणार? सायकल ही रस्त्याची बालवाडी आहे. बालवाडी न करता एकदम मॅट्रिकला बसवू नये.

आता विश्वस्त मंडळींना एक विनंती. कर्नाटक सरकारने २००६-०७ साली आठवीच्या मुला-मुलींना मोफत सायकली देण्याची योजना सुरू केली, तेव्हा खेड्यांतून येणाऱ्या कितीतरी मुलींची शाळा त्या सायकलीने टिकवली. पुढे कोविडच्या काळात ते वाटप थांबले. सरकारने सायकल दिली तरी ती उभी कुठे करायची, हे मात्र शाळेनेच पाहायचे असते. आपला सायकल स्टँड उघड्यावर आहे. सायकली सहा तास पावसात भिजतात, सीट चिंब होते, साखळी गंजते. मूल ओल्या सीटवर बसून घरी जाते आणि आई म्हणते, उद्यापासून स्कूटरवर सोडू. आमची मागणी मोठी नाही. स्टँडवर पत्र्याचे छप्पर, भिंतीशी एक हवेचा पंप, आणि मृगाच्या आधी एक दिवस मेकॅनिकला बोलावून सगळ्या सायकलींच्या ब्रेकची तपासणी. नव्या संगणकांसाठी वर्गणी जमवताना आपण मागे हटलो नाही, तसे छपरासाठीही हटू नये. माजी विद्यार्थ्यांनी मनावर घेतले तर एका उन्हाळ्याच्या सुट्टीत हे काम उरकेल. फाटकासमोर मोटारी उभ्या करू नयेत, एवढे तर बिनखर्चाचे आहे.

खंडेनवमीला आपण हत्यारे-अवजारे पुसून त्यांची पूजा करतो, सायकलीलाही झेंडूची माळ घालतो. या वर्षी ती माळ घालण्याआधी सायकल मेकॅनिककडून पुरती उघडून, धुऊन, ग्रीस भरून घ्यावी. चार महिने पावसात जिने आपल्याला शाळेत आणून पोचवले, तिला तेवढा मान द्यायलाच हवा. आणि पुढच्या जुलैत स्टँड पुन्हा भरलेला दिसला, तर या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.