नवे टायर मागेच

पावसाळ्याच्या तोंडावर टायरच्या दुकानांत गर्दी होते. पुढचे दोन टायर गोटे झालेले असतात, मागच्यांवर थोडीफार नक्षी शिल्लक असते, आणि चारही बदलायचे तर खिशाला झेपत नाही. मग एक जोडी घ्यायचे ठरते. कंपनी ठरते, माप ठरते, भावाची घासाघीस होते. ही जोडी बसवायची कुठे, हा प्रश्न मात्र कोणी काढत नाही. जॅक पुढे लागतो, गोटे झालेले टायर उतरतात, नवे त्यांच्या जागी चढतात, आणि गाडीमालक निर्धास्त मनाने कोकणच्या रस्त्याला लागतो. ही पद्धत चुकीची आहे. दोनच नवे टायर घेतले असतील तर ते मागे बसवावेत आणि मागचे, नक्षी शिल्लक असलेले, पुढे आणावेत. मिशेलिन, ब्रिजस्टोन यांसारखे टायर बनवणारेही हेच सांगतात. पण अमुक कंपनी सांगते म्हणून ते मानावे असे माझे म्हणणे नाही. त्यामागचे कारण पटले पाहिजे, आणि त्यासाठी आधी विरुद्ध बाजू नीट ऐकून घेतली पाहिजे.

ती बाजू कच्ची नाही. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन पुढे असते आणि पुढचीच चाके गाडी ओढतात. वळवण्याचे कामही त्यांचेच. ब्रेक दाबला की मोठा भार त्यांच्यावरच येतो. साहजिकच झिजतातही तीच आधी. मागची चाके नुसती मागून येतात. ज्याच्यावर काम जास्त त्याला टायर चांगला, असा हा हिशेब आहे. त्यात भर म्हणून सांगितले जाते की पुढचा टायर फुटला तर स्टिअरिंग हातात राहत नाही. आणि शेवटचा दाखला एसटीचा: तिचे नवे टायर पुढे असतात, रिमोल्ड केलेले मागे, लाखो प्रवासी वाहणाऱ्यांना काय कळत नाही?

यातली विधाने बहुतेक खरी आहेत. चुकतो तो निष्कर्ष, कारण हा सगळा विचार गाडी नीट चाललेली असताना कोणते चाक किती राबते याचा आहे. टायरची खरी परीक्षा पकड सुटते त्या क्षणी होते. त्या क्षणी कोणते टोक आधी सुटले आणि घाबरलेल्या माणसाने काय केले, यावर पुढचे सगळे ठरते.

ओल्या रस्त्यावर टायरला पाणी बाजूला सारून खालचे डांबर गाठावे लागते. रस्त्याला टेकलेला त्याचा भाग तळहाताहून फार मोठा नसतो. ताशी ८० किलोमीटर वेगाला गाडी सेकंदाला २२ मीटर पुढे जाते, म्हणजे नक्षीच्या प्रत्येक तुकड्याला हे काम करायला सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी वेळ मिळतो. नव्या टायरच्या खाचा साधारण ७ ते ८ मिलिमीटर खोल असतात. तेवढ्यात बरेच पाणी सामावते. २ मिलिमीटर उरलेल्या खाचांत सामावत नाही. मग टायर पाण्यावर तरंगू लागतो आणि रस्त्याशी असलेला त्याचा संबंध तुटतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांनी मोटारीसाठी १.६ मिलिमीटरची किमान मर्यादा घातली आहे. ती कायद्याची शेवटची रेघ आहे. आंबा घाटातल्या जुलैच्या पावसाला ती पुरेशी नाही.

आता असा घाट, उतार आणि ओले वळण डोळ्यांसमोर आणा. समजा पुढच्या चाकांची पकड सुटली. स्टिअरिंग एकदम हलके लागते, गाडी वळायला तयार नसते, सरळ जाऊ पाहते. माणूस दचकतो आणि पाय ॲक्सिलरेटरवरून उचलतो. बहुतेक सगळे हेच करतात, कोणी शिकवलेले नसले तरी. पाय उचलताच वेग उतरतो, गाडीचे वजन पुढे झुकते, पुढच्या चाकांवर दाब वाढतो आणि पकड परत येण्याची शक्यता वाढते. भीतीपोटी आपोआप घडलेली कृतीच इथे उपयोगी पडते.

मागची चाके सुटली तर गोष्ट उलटी होते. आधी तर कळतच नाही, कारण मागच्या चाकांची खबर स्टिअरिंगमधून हाताला मिळत नाही. कळते तेव्हा गाडीचा मागचा भाग बाहेर निघालेला असतो. माणूस पुन्हा तेच करतो: पाय उचलतो, किंवा ब्रेक दाबतो. वजन पुढे झुकते, आधीच हलकी असलेली मागची बाजू आणखी हलकी होते, आणि उरलीसुरली पकडही जाते. जे सहज सुचते तेच इथे घात करते. गाडी सावरायची तर ज्या दिशेला मागचा भाग निघाला त्या दिशेला स्टिअरिंग फिरवावे लागते, नेमके तेवढेच, आणि ती सरळ होताच लगेच परत आणावे लागते. शर्यतीत गाडी चालवणारा हे वर्षानुवर्षे घटवतो. आपल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये रिव्हर्स, पार्किंग आणि चढावर हाफ क्लच यांच्या पलीकडे धडा जात नाही.

धडक झालीच तर तीही सारखी नसते. पुढून घसरलेली गाडी बहुधा नाकाने जाऊन आदळते. तिथे इंजिन आहे, चुरगळून धक्का पिणारा सांगाडा आहे, समोर एअरबॅग आहेत, पट्टा लावलेला असेल तर तो आहे. मागून घसरलेली गाडी आडवी होते. समोरून येणाऱ्या ट्रकच्या वाटेत तेव्हा दार येते, आणि दार व माणूस यांच्यात वीतभर अंतर असते. पुढचे नवे टायर किती घट्ट धरून आहेत याला तिथे काही अर्थ उरत नाही. उलट पुढचे घट्ट आणि मागचे गुळगुळीत असले की पुढचे टोक जागेवर राहते आणि मागचे त्याच्याभोवती फिरते.

एसटीच्या दाखल्याला मी सगळ्यात जास्त मान देतो, कारण तो अनुभवातून आला आहे. एसटी महामंडळ आपले टायर स्वतः रिमोल्ड करते आणि ते कुठे वापरायचे याचे तिचे नियम विचारपूर्वक केलेले आहेत. पण बसची मागची बाजू पाहा. तिथे एका बाजूला दोन, अशी चार चाके असतात. एकाने दगा दिला तर शेजारचा भार घेतो. पुढे एकेकच असते. भरलेल्या बसच्या वजनाचा मोठा वाटा मागच्या ॲक्सलवर असतो. छोट्या मोटारीत नेमके उलटे: चालक एकटा असेल तर साधारण ६० टक्के वजन पुढे, आणि मागे फक्त रिकामी डिकी. बसचा नियम बससाठी बरोबर आहे. ट्रक चालवून आलेल्या अनुभवी माणसाचा सल्लाही त्याच्या गाडीपुरता बरोबर असतो. मोटारीला तो तसाच लावता येत नाही.

टायर फुटण्याची भीतीही जुन्या काळातून आलेली आहे. ॲम्बेसेडर आणि पद्मिनीच्या दिवसांत टायरमध्ये ट्यूब असे, खिळा लागला की हवा झटकन जाई, पॉवर स्टिअरिंग नसे, आणि फुटलेले पुढचे चाक हाताला जबर हिसका देई. या गाड्यांना ताकद मागच्या चाकांतून मिळे. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि पुढच्या चाकांनी ओढणारी गाडी घरोघरी पोचली. ट्यूबलेस रेडियल टायर आले. गाडी बदलली, सल्ला मात्र बापाकडून मुलाकडे आहे तसाच आला. टायर फुटतो तो मुख्यतः कमी हवेने, जादा भाराने, उष्णतेने, म्हातारपणाने किंवा खड्ड्यात बसलेल्या माराने. समृद्धी महामार्गावर ताशी १२० किलोमीटरने तासन्‌तास जायचे असेल तर हवा तपासणे हाच त्यावरचा पहिला उपाय. कमी हवेचा नवा टायरही फुटतो. आणि मागचा टायर फुटला तरी गाडी फिरतेच.

एक मुद्दा मात्र मी मान्य करतो. सरळ ओल्या रस्त्यावर कचकन ब्रेक दाबायचा असेल तर पुढे नवे टायर असलेली गाडी काहीशी लवकर थांबेल. कोकणातल्या तांबड्या चिखलाच्या चढावर नवे टायर पुढे असले तर चाके कमी फिरतील हेही खरे. पण थांबायला थोडे जास्त अंतर लागणार हे माहीत असेल तर चालक आधीच वेग कमी ठेवू शकतो, पुढच्या गाडीपासून लांब राहू शकतो. वळणात मागचा भाग निघणार हे आधी कळायला मार्ग नाही. आणि पुढे आणायचे टायर इतके झिजलेले असतील की ब्रेकचीच धास्ती वाटावी, तर प्रश्न दोन टायरचा राहिलाच नाही; चारही बदलायला झाले आहेत.

काही जण म्हणतात, मागे माणसे बसतात, सामान असते, वजनाने पकड येते. वजनाने दाब वाढतो हे खरे, पण वळणात धरून ठेवायचे वजनही तेवढेच वाढते. आणि गाडी कायम भरलेली नसते. गणपतीला पाच माणसे आणि बॅगा घेऊन गेलेली तीच गाडी पुढच्या आठवड्यात एकट्याला घेऊन पावसातून ऑफिसला जाते.

मागे नवे बसवण्याचा आणखी एक लाभ आहे, आणि त्याचे मोल पैशात होते. पुढचे टायर लवकर झिजतात. नवे कायम पुढेच घालत गेलो तर पुढची जोडी दोनदा बदलते आणि मागची तीच राहते. नक्षी दिसते म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही, पण रबर वयाने कडक होत जाते आणि बाजूंना बारीक भेगा पडतात. टायरच्या कडेवर चार आकडे असतात. पहिले दोन उत्पादनाचा आठवडा, पुढचे दोन वर्ष. ‘२३१७’ म्हणजे २०१७चा तेविसावा आठवडा. जुन्या छोट्या गाड्यांच्या मागच्या चाकांवर हे आकडे वाचून पाहावेत. नवे मागे आणि मागचे पुढे अशी रीत ठेवली तर प्रत्येक जोडी मागे सुरू होते, पुढे येऊन संपते, आणि म्हातारी होण्याआधी गाडीतून बाहेर पडते. वाया काहीच जात नाही.

ज्यांच्या मागच्या चाकांना इंजिनाची ताकद मिळते त्या बोलेरोसारख्या गाड्यांतही उत्तर मागेच. चारही चाकांना कायम ताकद देणाऱ्या गाडीत झीज फार वेगळी असलेल्या जोड्या एकत्र चालवू नयेत. तिथे कंपनीचे पुस्तक पाहावे. पुढे-मागे वेगळ्या मापाचे टायर असतील तर अदलाबदल होतच नाही. आणि एका ॲक्सलवर एक नवा, एक जुना असे कधीही नको. गाडीला घसरण सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असली तरी ती असलेली पकड चाकांत वाटून देते. नसलेली निर्माण करू शकत नाही.

दुकानदाराला यात चारही चाके काढावी लागतात, बॅलन्सिंग वाढते, रांगेतला पुढचा गिऱ्हाईक ताटकळतो. त्याची अडचण मला दिसते. त्या जादा कामाचे पैसे त्याने बिलात लावावेत आणि आपण ते द्यावेत. पण टायर कंपन्यांनी आपला हा सल्ला वेबसाइटवर ठेवून थांबू नये. विक्रेत्याच्या भिंतीवर, नव्या टायरच्या वेष्टनावर, आणि मराठीत, तो ठळक छापलेला असावा. शिकाऊ परवान्याच्या परीक्षेत खुणांच्या चित्रांबरोबर हा एक प्रश्नही यावा.