गुण मांडणारी आणि गुण मिळवणारी

बिलियर्ड्सवर संपादकीय? स्त्रियांच्या त्रैमासिकात? अंकाच्या बैठकीत हा प्रश्न आला आणि तो रास्तच होता. आपल्यापैकी बहुतेकींनी हे टेबल पाहिलेले आहे ते हिंदी सिनेमात. खलनायक सिगार ओढत हातात काठी घेऊन उभा, आणि बाई असलीच तर टेबलाच्या कडेला रेलून त्याचा खेळ पाहणारी. पण या खेळाच्या एका जागतिक स्पर्धेचा इतिहास वाचताना मला सारखी आपल्या चळवळीतली एक जुनी चर्चा आठवत राहिली. बायकांसाठी वेगळी जागा मागायची की सर्वांच्या जागेत हिस्सा मागायचा? म्हणून हे लिहिते आहे.

खेळ आहे ‘थ्री-कुशन’ बिलियर्ड्स. दहा फूट लांब, पाच फूट रुंद टेबल. त्याला खिसे नसतात. तीन चेंडू. आपल्या चेंडूने उरलेल्या दोन्ही चेंडूंना स्पर्श करायचा. पण दुसऱ्या चेंडूला लागण्याआधी आपला चेंडू टेबलाच्या रबरी कडांवर निदान तीनदा आपटलेला हवा. जमले तर एक गुण आणि पुढची खेळी, चुकले तर पाळी दुसऱ्याची. नजर, कोनांचा अंदाज, मनगटावरचा ताबा आणि संयम एवढेच भांडवल लागते. दंडाच्या ताकदीचे येथे फारसे काम नाही. हा मुद्दा लक्षात ठेवू या.

या खेळाची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९२८ साली सुरू झाली. अमेरिकेतही जागतिक म्हणवल्या जाणाऱ्या स्पर्धा भरत. त्यांत बाई खेळली ती १९५२ साली, सॅन फ्रान्सिस्कोत. तिचे नाव मासाको कात्सुरा. जागतिक बिलियर्ड्स स्पर्धेत उतरलेली ती पहिली स्त्री.

मासाकोचा जन्म १९१३ सालचा, टोकियोचा. वडील लवकर गेले, ती बहिणीच्या घरी राहू लागली. बहिणीच्या नवऱ्याचे बिलियर्ड्सचे पार्लर होते. चौदाव्या वर्षी ती तेथे कामाला लागली. जपानमध्ये अशा पार्लरांत मुली कामाला ठेवण्याची रीतच होती. गिऱ्हाइकांची सरबराई करायची, गुण मांडायचे, लागले तर गिऱ्हाइकाबरोबर चार डाव खेळायचे. म्हणजे खेळाच्या खोलीत बाई होती. पण कामगार म्हणून. मासाकोने त्या कामातूनच खेळ उचलला. पंधराव्या वर्षी ती स्त्रियांच्या स्पर्धेत जपानमध्ये पहिली आली. पुढे नामवंत खेळाडू किनरे मात्सुयामा यांनी तिला शिकवले. युद्धानंतर राष्ट्रीय स्पर्धेत पुरुषांशी खेळून तिने दुसरा क्रमांक मिळवला. अमेरिकन सैन्यातल्या एका सार्जंटशी लग्न होऊन १९५१च्या अखेरीस ती अमेरिकेत गेली.

१९५२ची स्पर्धा वेल्कर कॉक्रन या माजी विजेत्याच्या क्लबात भरली. त्याने प्रत्यक्ष खेळ पाहून खात्री करून घेतली आणि मग तिचा प्रवेश पक्का झाला. स्पर्धेची रचना सरळ होती. दहा खेळाडू, प्रत्येकाने उरलेल्या नऊ जणांशी एक सामना, पन्नास गुण आधी करील तो जिंकला. मासाकोसाठी टेबल लहान केले नव्हते आणि गुणही कमी केले नव्हते. पाच फूट उंचीची, जेमतेम चाळीस किलो वजनाची ही बाई त्याच टेबलावर त्याच पन्नास गुणांसाठी खेळली आणि दहांत सातवी आली. अजिंक्यपद विली हॉपीने राखले. १९५४ साली ब्वेनोस आयरेसला ती चौथी आली. १९६१ साली जगज्जेता हॅरॉल्ड वर्स्ट याच्याशी अजिंक्यपदासाठी समोरासमोर खेळली आणि हरली. त्यानंतर ती स्पर्धांपासून दूर गेली. पुढे जपानला परतली आणि १९९५ साली वारली.

आता पुढचा प्रश्न. तिच्यामागून कोण आले?

पुष्कळ वर्षे कोणी नाही. तिच्यासाठी दार उघडले ते एका भल्या माणसाने, त्याच्या क्लबात, त्याच्या मर्जीने. बायकांना प्रवेश असेल असा नियम त्यातून झाला नाही. मुलींना शिकवणारे वर्ग निघाले नाहीत, पार्लरची हवा बदलली नाही. एक असामान्य बाई आत गेली आणि सामान्य बायका बाहेरच राहिल्या. कर्तबगार बाईचे कौतुक करणे व्यवस्थेला कधीच जड जात नाही. तिला अपवाद ठरवले की नियम शाबूत राहतो.

थ्री-कुशनची स्त्रियांसाठी वेगळी जागतिक स्पर्धा सुरू झाली २००४ साली, स्पेनमध्ये वॅलेन्सिया येथे. कात्सुराच्या पहिल्या स्पर्धेनंतर बावन्न वर्षांनी! पहिली विजेती जपानचीच, ओरिए हिदा. नंतर नेदरलँड्सच्या तेरेसे क्लॉम्पेनहाउवरने अनेकदा अजिंक्यपद मिळवले. या वेगळ्या स्पर्धेमुळे देशोदेशींच्या संघटनांना आपल्या मुली शोधाव्या लागल्या, प्रवासाचा खर्च द्यावा लागला, नावे नोंदवावी लागली. एकट्या कात्सुराच्या पराक्रमाने जे झाले नाही, ते स्पर्धेच्या वेळापत्रकाने घडवले.

मात्र वेगळ्या जागेबरोबर काही गोष्टी गुपचूप आत शिरतात. बायकांचे सामने पुरुषांच्या सामन्यांपेक्षा कमी गुणांचे ठेवले गेले. का? ताकदीचा प्रश्न नाही, दमसासाचा नाही. पन्नास गुणांचा सामना एक बाई १९५२ सालीच खेळून गेली होती. कोरियात २०१९ साली व्यावसायिक मालिका निघाली. तेथे बायकांना स्वतंत्र स्पर्धा मिळाली, पण विजेतीचे बक्षीस पुरुष विजेत्याच्या निम्म्याहूनही पुष्कळ कमी. त्याच कोरियात पुढे स्त्री-पुरुष एकाच संघातून खेळतील अशी लीगही सुरू झाली. म्हणजे एकत्र खेळणे अशक्य नाही. रचना कोण ठरवते एवढाच प्रश्न आहे.

हे सगळे आपल्याला ओळखीचे वाटत नाही का? १९९३ साली त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींत एकतृतीयांश जागा स्त्रियांना मिळाल्या, महाराष्ट्रात २०११ साली त्या निम्म्या झाल्या. त्याआधीही गावोगाव एखादी धडाडीची बाई निवडून येत होतीच. पण लाखो बायका ग्रामपंचायतीच्या खोलीत आल्या त्या आरक्षणामुळे. निवडून आलेल्या बायकांबरोबर काम करताना मी एक वाक्य वारंवार ऐकते : ‘यंदा वॉर्ड बायकांचा नाही, तुम्ही कशाला उभ्या राहता?’ खुली जागा म्हणजे पुरुषांची जागा असा अर्थ गावाने परस्पर लावून टाकलेला असतो. वेगळी जागा ही आत शिरण्याची पायरी आहे, तिला कुंपण होऊ देता कामा नये. दोन्ही मागण्या एकाच वेळी करण्यात विसंगती नाही. राखीव जागा हवी आणि खुल्या जागेवरचा हक्कही हवा.

आपल्याकडे तर या खेळाची मुळे साहेबाच्या क्लबात आणि लष्कराच्या मेसमध्ये. स्नूकरचा जन्मच १८७५ साली जबलपूरच्या छावणीतला. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. कोणत्याही खेळातले स्वतंत्र भारताचे ते पहिले जगज्जेते. बायकांमध्ये अनुजा ठाकूर, चित्रा मगीमैराज, उमादेवी नागराज या जागतिक विजेत्या झाल्या. किती जणींनी ही नावे ऐकली आहेत?

आणि बिलियर्ड्स राहू द्या, आपल्या वस्तीतला कॅरम घ्या. तोही नजरेचा आणि कोनांचाच खेळ. घरात तो मुलीही खेळतात, चांगला खेळतात. पण नाक्यावर, मंडळाच्या पत्र्याखाली, दिव्याच्या उजेडात मांडलेल्या बोर्डाभोवती रात्री दहाला कोण असते? तेथे मुलींना कोणी मनाई करत नाही. मनाईची गरजच पडत नाही. घरची भांडी, धाकटे भावंड, ‘उशीर का झाला’ हा प्रश्न आणि नाक्यावरच्या नजरा मिळून ते काम चोख करतात.

म्हणून वाचक मैत्रिणींना एक काम सांगते. आपल्या गावातल्या, वॉर्डातल्या, कॉलेजातल्या व्यायामशाळा, जिमखाना, क्रीडामंडळ येथे जाऊन पाहा. सार्वजनिक पैशातून काय काय मांडले आहे? मुली कोणत्या वेळात येतात, येत नसतील तर का? बायकांसाठी संडास आहे का, रस्त्यावर दिवा आहे का, कार्यकारिणीत किती बायका आहेत? लिहून पाठवा. पुढच्या अंकात ते छापू आणि ज्या नगरपालिका, ग्रामपंचायती अनुदान देतात त्यांच्यापुढे ठेवू.

गुण मांडायला बाई चालते, चहा द्यायला चालते, बक्षीस देताना ताट धरायलाही चालते. तिला खेळायला टेबल कधी मिळणार, हे आता आपणच विचारायचे आहे.