साहेब बदलला की बँक बदलते?



बँकेचा कारभार हा बँकवाल्यांचा प्रश्न; रेल्वेवाल्यांचा, टपालवाल्यांचा त्याच्याशी काय संबंध, असे पद्मनाभपुरातील एखादा साथी विचारील. संबंध सरळ आहे. निवृत्तीच्या दिवशी हाती पडणारा भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी बहुधा बँकेतच जाते. त्या बँकेच्या खुर्चीत बसलेला माणूस कारभार कसा करतो, यावर आपले म्हातारपण अवलंबून असते.

महाराष्ट्रातील दोन उदाहरणे पाहा.

पहिले, पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचे. सप्टेंबर २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध लादले आणि सुरुवातीला खातेदाराला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढण्याची मुभा उरली. एकूण कर्जापैकी ७० टक्क्यांहून अधिक कर्ज एकाच बांधकाम उद्योगसमूहाला गेले होते आणि हजारो बनावट खात्यांआड ते दडवले होते. वरच्या मोजक्या लोकांची मर्जी हाच जिथे नियम होतो, तिथे खालचा कर्मचारी प्रश्न विचारीत नाही आणि संचालक मंडळ अंगठा उठवते. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. मोठ्या ठेवीदारांच्या वाट्याला मात्र १० वर्षांपर्यंतचे हप्ते आले.

दुसरे, बँक ऑफ महाराष्ट्रचे. १९३५ साली पुण्यात स्थापन झालेली आणि १९६९ साली राष्ट्रीयीकृत झालेली ही बँक थकीत कर्जांमुळे जून २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या कडक देखरेखीखाली आली. २०१८-१९ चा तोटा ४,७०० कोटींच्या वर होता. पण थकबाकीसाठी तरतूद झाली, सरकारने भांडवल घातले, नव्या व्यवस्थापनाने छोट्या कर्जांवर आणि बचत ठेवींवर भर दिला. २०२२-२३ मध्ये नफा २,६०० कोटींवर गेला. हे श्रेय एकट्या साहेबाचे नाही. जनतेचा पैसा आणि काउंटरवरच्या कर्मचाऱ्याचे कष्टही त्यात आहेत. तरीही दिशा वरूनच ठरते, हे नाकारता येणार नाही.

चांगला नेता म्हणजे नुसता कडक साहेब नव्हे. वाईट बातमी खालून वर पोहोचू देतो, 'नाही' म्हणणाऱ्या कर्मचाऱ्याची बदली करीत नाही आणि हिशोब उघडा ठेवतो, तो चांगला नेता. दुर्बल शाखेत पुरेशी माणसे न देता उद्दिष्टांचा चाबूक उगारणे हे नेतृत्व नव्हे.

आता आपल्या घराकडे वळू. बँक बुडाली तर ठेव विम्यातून ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते. फेब्रुवारी २०२० पूर्वी ही मर्यादा १ लाख होती. कर्मचारी पतसंस्था मात्र बँक नाही, म्हणून तिच्यातील ठेवीला हे संरक्षण नाही. तिथे आपला विमा एकच, आपली जागरूकता. आणि तिथला साहेब आपणच मते देऊन निवडतो!

तेव्हा साथींनो, पतसंस्थेच्या वार्षिक सभेला केवळ लाभांश आणि भेटवस्तूसाठी जाऊ नका. ताळेबंद वाचा. सर्वात मोठी थकबाकी कोणाकडे आहे ते विचारा. लेखापरीक्षकाचे शेरे मोठ्याने वाचायला लावा. संचालक आपल्या युनियनचा असला तरी विचारा. किंबहुना आपला असेल तर आधी विचारा. प्रश्न विचारणारा सभासदच चांगला नेता घडवतो.