ती जांभई संहितेत नव्हती

‘ॲडोलसन्स’ या मालिकेचा तिसरा भाग मी पुन्हा पाहिला, तो एका जांभईसाठी. खुनाचा आरोप असलेला शाळकरी जेमी आणि त्याच्याशी बोलायला आलेली मानसशास्त्रज्ञ समोरासमोर बसले आहेत. जवळजवळ तासभर कॅमेरा एकदाही थांबत नाही. मधेच जेमी जांभई देतो. ती संहितेत नव्हती. जेमी साकारणाऱ्या ओवेन कूपरला ती खरोखरच आली होती. मानसशास्त्रज्ञ झालेल्या एरिन डोहर्टीने भूमिका न सोडता, कंटाळा येतोय का, असं विचारलं आणि पोरगं हसलं. चित्रीकरण थांबलं असतं तर सगळा भाग पुन्हा पहिल्यापासून करावा लागला असता. ओवेन तेव्हा १४ वर्षांचा होता. कॅमेऱ्यासमोरचं हे त्याचं पहिलंच काम, आणि चार भागांपैकी चित्रीकरण सर्वांत आधी झालं ते याच भागाचं!

याला ‘चमत्कार’ म्हटलेलं मला पटत नाही. त्या शब्दाने मेहनत पुसली जाते. वॉरिंग्टनचा हा मुलगा, फुटबॉलवेडा. मँचेस्टरच्या नाट्यवर्गाला तो दर आठवड्याला जायचा. या भूमिकेसाठी सुमारे ५०० मुलं पाहिली गेली, त्यातून तो निवडला गेला. मग दिग्दर्शक फिलिप बॅरंटिनी यांनी प्रत्येक भागाच्या भरपूर तालमी घेतल्या. इंग्लंडमध्ये बालकलाकाराला स्थानिक प्रशासनाचा परवाना लागतो, कामाचे तास ठरलेले असतात, सोबत जबाबदार पालक-रक्षक असतो. इतकं सांभाळल्यावरच मूल निर्धास्तपणे जांभई देऊ शकतं.

अभिनयाकडे नेणाऱ्या वाटा वेगवेगळ्या असतात. एडी रेडमेन, टॉम हिडलस्टन हे गुणी नट ईटनसारख्या महागड्या शाळेतून आले. त्यांच्या गुणांबद्दल माझी तक्रार नाही. पण घराजवळचा आठवड्याचा वर्गही तितकाच मोठा दरवाजा ठरू शकतो, हे ओवेनने दाखवलं, म्हणून मला त्याचं यश जास्त मोलाचं वाटतं.

पुढे ‘वुदरिंग हाइट्स’ या चित्रपटासाठी त्याला लहानपणीचा हीथक्लिफ मिळाला. १४ सप्टेंबर २०२५ ला, १५ व्या वर्षी, त्याने जेमीच्या भूमिकेसाठी सहाय्यक अभिनेत्याचा एमी पुरस्कार घेतला. अभिनयासाठी हा पुरस्कार मिळवणारा तो सर्वांत लहान मुलगा. मंचावर त्याने आठवण काढली ती त्या नाट्यवर्गाची. काही वर्षांपूर्वी तिथे जायला लागलो, तेव्हा अमेरिकेत पाऊल ठेवेन असंही वाटलं नव्हतं, असं तो म्हणाला.