पहिला पगार : आस किती, हिशोब किती?

पदवीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांतून पेढे वाटले जातात. विहारात गुणवंतांचा सत्कार होतो, फोटो निघतात. महिना-दोन महिने गेले की घराघरांत दुसराच विषय सुरू होतो. "एवढा शिकलास आणि पगार पंधरा हजार?" असे वडील विचारतात. मुलगा म्हणतो, "थांबतो वर्षभर, चांगली मिळेल." आई काही बोलत नाही, कारण फीसाठी काढलेले बचत गटाचे कर्ज तिच्या नावावर असते. आजच्या सदरात आम्ही याच प्रश्नाचा विचार करणार आहोत. नुकत्याच पदवीधर झालेल्या मुलाने वा मुलीने पहिल्या नोकरीत किती पगाराची अपेक्षा धरावी?

पालकांचे चुकते कुठे, हे आधी पाहू. आपल्या आधीच्या पिढीने रेल्वे, महापालिका, एस.टी., वीज मंडळ, बँका अशा ठिकाणी राखीव जागांवर नोकरी धरली. लागल्या दिवसापासून वेतनश्रेणी, महागाई भत्ता आणि पेन्शन. तीच मोजपट्टी आपण आज मुलांना लावतो. पण १९९१ नंतर खाजगी क्षेत्र वाढले, तिथे आरक्षण नाही, आणि सरकारी कामेही कंत्राटावर जाऊ लागली. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांची जाहिरात निघाली आणि अर्ज आले दहा लाखांवर. त्या पदाचे मूळ वेतन २५,५०० रुपयांपासून सुरू होते, भत्ते वेगळे. तयारी जरूर करावी, पण दहा लाखांत आपला एक अर्ज आहे हे घरातील सर्वांनी ध्यानात ठेवावे.

मग खाजगीत काय मिळते? आम्ही जे पाहतो ते असे. साधी बी.ए., बी.कॉम. झालेल्या मुलाला तालुक्याच्या गावी दुकानात, पतसंस्थेत किंवा हिशोबनीसाच्या हाताखाली दहा ते चौदा हजार मिळतात. पुण्या-मुंबईत कॉल सेंटर, बँकेचे विक्रीचे काम, गोदामातील संगणकाचे काम यात पंधरा ते बावीस हजार. मोठ्या संगणक कंपन्यांत नव्या इंजिनिअरला वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपास मिळतात, आणि हा आकडा गेली दहा-बारा वर्षे फारसा हललेला नाही. वर्तमानपत्रात ज्या तीस-चाळीस लाखांच्या पॅकेजच्या बातम्या येतात, ती मोजक्या संस्थांतील मोजकी मुले असतात. त्यांचे कौतुक करावे, पण शेजारच्या पोराची तुलना त्यांच्याशी करू नये. सरकारचाच आकडा पाहायचा तर २०२४ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना १०,००० रुपये विद्यावेतन ठरवले गेले. पदवीच्या पहिल्या पायरीची किंमत आज अशी आहे. ती योग्य आहे असे आम्ही म्हणत नाही, ती आहे एवढेच सांगतो.

आता पॅकेज या शब्दाची फोड करू, कारण खरी फसगत इथेच होते. समजा, कंपनीने वर्षाला ३,६०,००० सांगितले. आपण लगेच बाराने भागतो आणि घरी तीस हजार येणार असे सांगून टाकतो. प्रत्यक्षात त्या तीस हजारांत मालकाने भरायचा भविष्य निर्वाह निधीचा हिस्सा धरलेला असतो. मूळ वेतन १५,००० असेल तर तो १,८०० रुपये होतो. ग्रॅच्युइटीचे सुमारे ७२० त्यातच. काम पाहून वर्षअखेरीस देऊ असे म्हटलेले दहा टक्के, म्हणजे ३,००० तेही त्यातच. उरले २४,४८०. त्यातून आपला फंड १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेले की हातात २२,४८० येतात. ईएसआय लागू असेल तर आणखी थोडे कमी. महाराष्ट्रात एप्रिल २०२३ पासून २५,००० पर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसाय कर माफ आहे, म्हणजे याच पगारावर मुलीच्या हातात २०० रुपये जास्त यायला हवेत. ते कापले जात असतील तर तिने विचारावे. फंडाचे पैसे मात्र बुडाले असे समजू नये. ते आपल्या नावावर साठतात.

आणखी एक हिशोब. गावात बारा हजार आणि पुण्यात अठरा हजार, यात मोठा पगार कोणता? कॉट बेसिसवर राहण्याचे चार हजार, मेसचे साडेतीन हजार, बस-लोकलचा पास आणि मोबाईल मिळून दीड हजार धरा. अठरातून नऊ गेले, उरले नऊ. घरी राहणारा बारातले तीन हजार स्वतःवर खर्च करतो, त्याचेही नऊच उरतात. तरीही काही वेळा पुण्याची नोकरीच घ्यावी, कारण दोन वर्षांनी तिथे पुढची नोकरी मिळण्याची शक्यता अधिक असते. तेव्हा पगाराइतकेच हेही पाहावे की काम शिकायला काय मिळते, नेमणूकपत्र आहे का, फंड भरतात का, आणि पगार बँकेत होतो की हातावर टेकवतात.

नेमणूकपत्राविषयी थोडे अधिक. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. किमान वेतनाचे विधेयक त्यांनी १९४६ साली कायदेमंडळात मांडले, १९४८ साली त्याचा कायदा झाला. आज त्या कायद्याच्या जागी वेतन संहिता आली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या श्रम संहितांनी कामगाराला लेखी नेमणूकपत्र देणे बंधनकारक केले आहे. ते मागणे म्हणजे उद्धटपणा नव्हे, तो हक्क आहे. नोकरीसाठी कुणी डिपॉझिट मागत असेल, किंवा मूळ गुणपत्रिका आणि जातीचा दाखला ठेवून घेत असेल, तर तिथून सरळ उठून यावे.

आमच्या मते आपल्या मुलांचे जास्त नुकसान मोठ्या अपेक्षेपेक्षा संकोचाने होते. मुलाखतीत पगार विचारला की आपला मुलगा म्हणतो, "सर, तुम्ही द्याल तो." ज्याच्या घरी कुणी कचेरीत काम केलेले नाही, ओळख नाही, वशिला नाही, आडनाव ऐकून समोरच्याचा चेहरा बदललेला ज्याने पाहिला आहे, त्याला मिळाली तीच मेहेरबानी वाटते. पण श्रमाचा मोबदला ही मेहेरबानी नसते. आधी त्याच कामावर असलेल्या दोघातिघांना विचारून जावे आणि नम्रपणे म्हणावे, "या कामाला बाहेर सोळा ते अठरा हजार मिळतात असे कळले. हातात किती येईल आणि सहा महिन्यांनी वाढ असते का?" एवढे विचारल्याने कुणी नोकरी नाकारत नाही. आणि जो नाकारतो, त्याच्याकडे पुढे काय वागणूक मिळाली असती हे आधीच कळते.

मुलींबाबत एक वेगळी अडचण आहे. "बारा हजारासाठी कशाला एवढा प्रवास?" असे म्हणून तिला घरी बसवतात, आणि भावाला मात्र त्याच पगारावर "सुरुवात आहे" म्हणून पाठवतात. मुलीची सुरुवात ही सुरुवात नाही का?

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांनी घरच्यांबरोबर बसून मुदत ठरवावी. दोन वर्षे म्हणजे दोनच वर्षे. त्या काळात अर्धवेळ काम करावे. वयाची तिशी ओलांडल्यावर पहिला पगार शोधणे फार जड जाते.

बाबासाहेब १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. त्या पगारातून शिल्लक टाकून, मित्रांची मदत घेऊन, १९२० साली ते अपुरे शिक्षण पुरे करायला पुन्हा लंडनला गेले. त्यांनी पहिल्या मोठ्या पगाराला मुक्काम मानले नाही. आपल्या मुलांनीही तसेच करावे. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला सांगितले आहे की मिळकतीचे चार भाग करावेत : एक उपभोगाला, दोन व्यवसायात, आणि चौथा अडचणीसाठी राखावा. त्याच सुत्तात मालकाचीही कर्तव्ये आहेत. शक्ती पाहून काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात काळजी घ्यावी. म्हणजे काटकसर एकट्या नोकराने करायची नाही, न्याय मालकानेही करायचा आहे.

तेव्हा पालकांनो, या रविवारी वंदना झाल्यावर मुलाला वा मुलीला जवळ घ्या. कर्ज किती, खर्च किती, हातात किती येणार, हे एका कागदावर मांडा. पगाराचा आकडा लहान असेल तर त्याची लाज बाळगू नका, आणि लहान आहे म्हणून तो कायमचा आहे असेही समजू नका. पहिल्या पगारातून चौथा भाग बाजूला पडला तर ते घर योग्य वाटेवर आहे, असे आम्ही समजू.

जयभीम!